हेल्मेटचा हिशेब मांडणारा सर्जन

धुळ्याहून सुरतेकडे निघालेला महामार्ग कुसुंबा, नेर करत साक्रीला पोहोचतो आणि दहिवेलच्या पुढे कोंडाईबारी घाटाकडे जातो. या रस्त्यावर दिवसरात्र मालट्रक धावतात. त्यांच्या कडेकडेने शेतकरी, शिक्षक, दूधवाले, कॉलेजची मुले मोटारसायकलवर ये-जा करत असतात. अलीकडे त्यांच्यातल्या काहींच्या अंगावर कोपराला आणि खांद्याला पॅड असलेली जॅकेट दिसू लागली आहेत. असे जॅकेट दीड-दोन हजारांतही मिळते आणि वीस हजारांतही. लांबून पाहिले तर दोन्ही सारखीच दिसतात. रस्त्यावर पडल्यावर त्यातले कोणते माणसाला वाचवेल, हे पडण्याआधी कसे ओळखायचे?

हाच प्रश्न ऐंशी वर्षांपूर्वी हेल्मेटबद्दल होता. हेल्मेट तेव्हाही बाजारात होते, पण ते खरोखर उपयोगी पडते का, हे कोणी मोजलेले नव्हते. शर्यतीत धावणाऱ्यांचा तो पोशाख, साध्या माणसाला त्याचे काय काम, अशी सर्वसाधारण समजूत होती. ही समजूत ज्याने आकड्यांनी मोडून काढली, तो ना मोटारसायकलस्वार होता ना हेल्मेटचा कारखानदार. तो मेंदूची शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर होता. त्याचे नाव सर ह्यू केर्न्स.

ह्यू विल्यम बेल केर्न्स यांचा जन्म २६ जून १८९६ रोजी दक्षिण ऑस्ट्रेलियातील पोर्ट पिरी या बंदराच्या गावी झाला. वडील स्कॉटलंडहून आलेले, लाकूडकाम करणारे. घरची परिस्थिती बेताची. ह्यूचे बालपण रिव्हर्टन या छोट्या गावात गेले. पुढे अॅडलेडच्या सरकारी हायस्कुलातून शिष्यवृत्त्या मिळवत तो तिथल्याच विद्यापीठात वैद्यकीय शिक्षणासाठी दाखल झाला. शिक्षण अर्धे झाले असतानाच पहिले महायुद्ध पेटले. १९१५ मध्ये हा विद्यार्थी साधा शिपाई म्हणून सैन्याच्या वैद्यकीय दलात भरती झाला आणि ग्रीसच्या लेम्नोस बेटावरील लष्करी रुग्णालयात काम करू लागला. गॅलिपोलीच्या लढाईतले जखमी तिथे आणले जात. परत येऊन त्याने १९१७ मध्ये पदवी पूर्ण केली आणि कॅप्टन डॉक्टर म्हणून पुन्हा फ्रान्सच्या आघाडीवर गेला. वयाची पंचविशी गाठण्याआधीच त्याने दोन आघाड्यांवरचे जखमी पाहिले होते.

त्याच वर्षी ऱ्होड्स शिष्यवृत्तीसाठी त्यांची निवड झाली होती. युद्ध संपल्यावर १९१९ मध्ये केर्न्स ऑक्सफर्डच्या बेलियल कॉलेजात आले. अंगापिंडाने मजबूत असलेल्या या तरुणाने १९२० च्या प्रसिद्ध ऑक्सफर्ड-केंब्रिज नौकाशर्यतीत ऑक्सफर्डकडून वल्ही मारली. पुढच्याच वर्षी कॉलेजच्या प्रमुखांची कन्या बार्बरा स्मिथ यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यानंतर लंडन हॉस्पिटलमध्ये सर्जन म्हणून त्यांचे काम सुरू झाले.

त्या काळी मेंदूची शस्त्रक्रिया ही स्वतंत्र शाखा इंग्लंडमध्ये नीट रुजलेली नव्हती. पोटाची शस्त्रक्रिया करणारा सर्जनच गरज पडली तर कवटीही उघडत असे. १९२६ मध्ये रॉकफेलर फेलोशिप मिळवून केर्न्स अमेरिकेत बॉस्टनला गेले. तिथे हार्वे कुशिंग हे त्या काळातले मेंदूच्या शस्त्रक्रियेतले सर्वांत मोठे नाव होते. कुशिंग यांच्या हाताखालचे वर्ष कष्टाचे गेले, पण त्या वर्षाने केर्न्स यांना दोन गोष्टी दिल्या. पहिली म्हणजे शस्त्रक्रियेतला सावकाशपणा आणि रक्तस्राव थांबवण्याची काटेकोर पद्धत. दुसरी गोष्ट त्याहून साधी आणि त्याहून मोलाची. कुशिंग प्रत्येक रुग्णाची बारीकसारीक नोंद ठेवत आणि रुग्ण घरी गेल्यावर वर्षानुवर्षे त्याचे काय झाले, याचाही माग ठेवत. शस्त्रक्रिया चांगली झाली की नाही, हे सर्जनला काय वाटते यावर ठरत नाही, रुग्णाचे पुढे काय होते यावर ठरते, हा त्यामागचा विचार होता. केर्न्स यांनी तो आयुष्यभर धरून ठेवला.

लंडनला परतल्यावर त्यांनी सर्वसाधारण शस्त्रक्रिया हळूहळू सोडली आणि सगळे लक्ष मेंदू व मज्जासंस्थेवर केंद्रित केले. काही वर्षांतच इंग्लंडमधील मोजक्या न्यूरोसर्जनांमध्ये त्यांची गणना होऊ लागली. म्हणूनच मे १९३५ मध्ये डॉर्सेट परगण्यातील एका लष्करी छावणीतून त्यांना बोलावणे आले.

छावणीच्या रुग्णालयात बेशुद्ध पडलेला रुग्ण साधा नव्हता. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून जगभर ओळखला जाणारा टी. ई. लॉरेन्स तो होता. पहिल्या महायुद्धात अरबांच्या बंडात त्याने भाग घेतला होता. पुढे प्रसिद्धीला कंटाळून नाव बदलून तो हवाई दलात साध्या सैनिकाच्या हुद्द्यावर राहिला. नोकरी संपून त्याला जेमतेम दोन-अडीच महिने झाले होते. वेगवान मोटारसायकल हे त्याचे वेड. ब्रफ सुपीरियर या त्या काळच्या सर्वांत वेगवान गाड्यांपैकी तो एकामागून एक घेत आला होता. १३ मे १९३५ रोजी बोव्हिंग्टन छावणीतून तो आपल्या घराकडे परतत होता. रस्त्यातल्या एका उताराच्या खोलगट भागामुळे पुढून सायकलवर चाललेली दोन मुले त्याला दिसली नाहीत. त्यांना वाचवायला त्याने गाडी वळवली आणि हँडलवरून तो पुढे फेकला गेला. डोक्याला जबर मार बसला. डोक्यावर हेल्मेट नव्हते.

लॉरेन्सवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांमध्ये केर्न्स होते. पण मेंदूला झालेली इजा इतकी मोठी होती की त्यांच्यासारख्या सर्जनलाही करण्यासारखे फार काही उरले नव्हते. सहा दिवस बेशुद्धीत काढून १९ मे रोजी लॉरेन्स मरण पावला. त्याचे वय ४६ होते. बाकी शरीर सहीसलामत राहू शकेल अशा अपघातात केवळ डोक्यावरच्या आघाताने एक धडधाकट माणूस जातो, ही गोष्ट केर्न्स यांच्या मनात घर करून राहिली, असे पुढे त्यांच्यावर लिहिणाऱ्या डॉक्टरांनी नोंदवले आहे. सर्जन कितीही कुशल असला तरी तो आघातानंतर येतो. खरा उपाय आघाताच्या क्षणीच हवा, हा या प्रसंगाचा अर्थ होता.

दरम्यान ऑक्सफर्डमध्ये मोठा बदल घडत होता. तिथे वैद्यकीय संशोधनाचे मोठे केंद्र उभे राहावे यासाठी केर्न्स यांनी बराच आग्रह धरला होता. मॉरिस मोटारींचे कारखानदार लॉर्ड नफिल्ड यांनी १९३६ मध्ये त्यासाठी वीस लाख पौंडांची देणगी दिली. ज्या उद्योगाने रस्त्यांवर वेग आणला, त्याच उद्योगाच्या पैशातून वेगाने जखमी झालेल्यांवर संशोधन होणार होते. १९३७ मध्ये केर्न्स ऑक्सफर्डचे पहिले नफिल्ड शस्त्रक्रिया प्राध्यापक झाले.

दोनच वर्षांनी दुसरे महायुद्ध सुरू झाले. केर्न्स लष्कराचे मेंदूशस्त्रक्रियेचे सल्लागार झाले. त्यांच्या पुढाकाराने ऑक्सफर्डमधील सेंट ह्यूज या मुलींच्या कॉलेजाच्या इमारतीत फक्त डोक्याच्या जखमांसाठी लष्करी रुग्णालय उघडले. तिथे येणारे जखमी शत्रूच्या गोळ्यांनीच जखमी झालेले असतील असे कोणालाही वाटेल. पण युद्धाच्या सुरुवातीच्या काळात इंग्लंडमधल्या रस्त्यांवरूनच मोठ्या संख्येने तरुण सैनिक डोके फुटलेल्या अवस्थेत येत होते. त्यातले पुष्कळसे लष्कराचे निरोप पोहोचवणारे मोटारसायकलस्वार होते. विमानहल्ल्याच्या भीतीने रात्री सगळीकडे दिवे विझवलेले असत, गाड्यांच्या दिव्यांवरही झाकणे असत. अंधाऱ्या रस्त्यावर घाईने निरोप घेऊन जाणारी ही मुले समोरच्या लष्करी ट्रकवर, भिंतीवर किंवा झाडावर आदळत.

केर्न्स यांनी बॉस्टनमध्ये शिकलेले काम सुरू केले. त्यांनी नोंदी गोळा करायला घेतल्या. ४ ऑक्टोबर १९४१ रोजी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ या नियतकालिकात त्यांचा लेख छापून आला. युद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत ब्रिटनच्या रस्त्यांवर २,२७९ मोटारसायकलस्वार आणि मागे बसलेले प्रवासी मृत्युमुखी पडले होते. पेट्रोलवर नियंत्रण असतानाही हा आकडा युद्धापूर्वीच्या तितक्याच काळापेक्षा वाढला होता. मृत्यूचे सर्वांत मोठे कारण डोक्याची इजा हे होते. आणि मग त्या लेखातली सर्वांत बोलकी नोंद येत होती. हेल्मेट घालून अपघातात सापडलेले फक्त सात मोटारसायकलस्वार केर्न्स यांच्याकडे आले होते आणि सातही जण जगले होते. काहींच्या हेल्मेटवरच्या खुणा पाहिल्या तर आघात किरकोळ नव्हता, हे दिसत होते.

सात हा आकडा लहान आहे, हे केर्न्स यांना कळत होते. सात जणांवरून सिद्धान्त मांडता येत नाही. पण एवढे तरी सांगता येत होते की ही गोष्ट मोठ्या प्रमाणावर करून पाहायला हवी. हेल्मेटची कल्पना नवी नव्हती. इंग्लंडमधील ब्रुकलँड्सच्या शर्यतीच्या मैदानावर काम करणारे डॉक्टर एरिक गार्डनर यांनी १९१४ च्या सुमारास कॅनव्हास आणि लाखेचे हेल्मेट बनवून घेतले होते आणि शर्यतीत ते सक्तीचेही झाले होते. पण ती शर्यतीपुरती गोष्ट राहिली. रोजच्या रस्त्यावरच्या माणसाला ते कोणी दिले नव्हते.

लष्कराकडे मात्र आदेश देण्याचा अधिकार होता. नोव्हेंबर १९४१ मध्ये ब्रिटिश लष्कराने कामावर असलेल्या प्रत्येक मोटारसायकलस्वाराला हेल्मेट सक्तीचे केले. केर्न्स यांच्या दृष्टीने हा एक मोठा प्रयोगच होता. आता हेल्मेट घातलेले जखमीही पुरेशा संख्येने पाहायला मिळणार होते. हेल्मेट घालूनही जो रुग्णालयात आला, त्याचे हेल्मेट जपून ठेवायचे, त्यावर मार कुठे बसला ते पाहायचे, आणि त्याच जागी डोक्याला किती इजा झाली हे ताडून पाहायचे, अशी पद्धत पडली.

या कामात त्यांना ऑक्सफर्डचेच एक भौतिकशास्त्रज्ञ, ए. एच. एस. होलबोर्न, यांची साथ मिळाली. डॉक्टर आणि भौतिकशास्त्रज्ञ यांनी मिळून हेल्मेटकडे पाहण्याची ही रीत त्या वेळी नवी होती. होलबोर्न यांनी मेंदूची जागा जिलेटिनला देऊन प्रतिकृती बनवल्या आणि डोक्याला धक्का बसला की आत काय होते ते तपासले. त्यांना दिसले की सरळ धक्क्यापेक्षा डोके झटक्याने फिरले की मेंदूच्या आत जास्त ताण पडतो. भांड्यातले दही भांडे सरळ ढकलल्यावर फारसे हलत नाही, पण भांडे गर्रकन फिरवले की विस्कटते, तसाच हा प्रकार. आजही हेल्मेट बनवणारे ज्या प्रश्नाशी झुंजत आहेत, तो प्रश्न होलबोर्न यांनी तेव्हाच मांडला होता.

१९४३ मध्ये केर्न्स आणि होलबोर्न यांचा एकत्र लेख आला. हेल्मेट घातलेल्या शंभराहून अधिक अपघातग्रस्तांचा अभ्यास त्यात होता. त्या वेळी दोन प्रकारची हेल्मेट वापरात होती. एक घट्ट रबराचे, दुसरे लगद्यासारख्या दाबलेल्या तंतूंचे. दोघांच्याही आत पट्ट्यांची झोळी असे, जिच्यावर डोके टेकायचे. कठीण कवच धक्का मोठ्या भागावर पसरवते आणि आतली झोळी डोके थांबायला थोडा जास्त वेळ आणि थोडे जास्त अंतर देते, हे त्यांनी दाखवले. संरक्षणाचे मर्म इथे आहे. आघात टळत नाही. तो पसरतो आणि सेकंदाच्या काही हजारांश भागांनी लांबतो. तेवढ्याने कवटी फुटणे किंवा न फुटणे ठरते. हेल्मेट घातलेल्यांमध्ये इजा सौम्य होत्या, हे नोंदींतून दिसले. त्याच वेळी हेल्मेट सर्व काही करू शकत नाही, हेही लेखकांनी लपवले नाही.

युद्धकाळात केर्न्स यांचे बाकीचे कामही प्रचंड होते. त्यांनी मेंदूच्या शस्त्रक्रियेची फिरती पथके उभारली. सर्जन, भूलतज्ज्ञ आणि साहित्य घेऊन ही पथके आघाडीच्या जवळ जात, त्यामुळे कवटीला जखम झालेल्या सैनिकावर लवकर उपचार होत. अॅडलेडचेच हॉवर्ड फ्लोरी ऑक्सफर्डमध्ये पेनिसिलिनवर काम करत होते. १९४३ मध्ये दोघे उत्तर आफ्रिकेत गेले आणि युद्धातल्या जखमांवर पेनिसिलिनचा वापर त्यांनी तपासला. डिसेंबर १९४५ मध्ये अमेरिकेचे सेनापती जॉर्ज पॅटन यांना जर्मनीत मोटार अपघातात मानेला गंभीर इजा झाली, तेव्हाही केर्न्स यांना विमानाने बोलावण्यात आले. तिथेही वैद्यकशास्त्राच्या हाती फार काही नव्हते. काही दिवसांनी पॅटन वारले.

१९४६ मध्ये केर्न्स यांना ‘सर’ हा किताब मिळाला. त्याच वर्षी त्यांनी हेल्मेटवरचा आपला तिसरा लेख प्रसिद्ध केला. १९३९ ते १९४५ या काळात ब्रिटनमध्ये दर महिन्याला किती मोटारसायकलस्वार दगावले, याचा हिशेब त्यात होता. नोव्हेंबर १९४१ नंतर, म्हणजे लष्कराने हेल्मेट सक्तीचे केल्यानंतर, मृत्यूंची रेषा खाली उतरत गेली होती. पुढे पेट्रोल आणखी कमी झाले, रस्त्यावरच्या गाड्याही घटल्या, हे लक्षात घेऊनही दिशा स्पष्ट होती. सात माणसांपासून सुरू झालेला हिशेब आता साऱ्या देशाच्या आकड्यांपर्यंत आला होता.

पण आकडा पटणे आणि सवय बदलणे यांत अंतर असते. नागरिकांना हेल्मेटची सक्ती लगेच झाली नाही. डोके माझे, निर्णयही माझा, असा युक्तिवाद तेव्हा ब्रिटनमध्येही होत असे. १८ जुलै १९५२ रोजी वयाच्या ५६ व्या वर्षी कर्करोगाने केर्न्स यांचे ऑक्सफर्डमध्ये निधन झाले. ब्रिटनमध्ये सर्व मोटारसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे झाले ते १९७३ मध्ये. त्यांच्या पहिल्या लेखानंतर ३२ वर्षांनी, आणि त्यांच्या मृत्यूनंतर २१ वर्षांनी. भारतात आज मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ नुसार दुचाकीवर हेल्मेट बंधनकारक आहे, आणि ते आयएस ४१५१ या भारतीय मानकाचे, म्हणजे आयएसआय खूण असलेले असावे लागते.

केर्न्स यांच्यामागे उरली ती मोजण्याची रीत. वस्तू कशी दिसते ते विचारू नका, ती घातलेल्या माणसाचे काय झाले ते विचारा. ही रीत पुढे हेल्मेटवरून खाली उतरली आणि जॅकेटपर्यंत आली. केंब्रिजमधील संशोधकांनी अपघातात फाटलेले मोटारसायकलस्वारांचे कपडे तपासून ते कुठे सर्वांत जास्त घासले जातात ते शोधले. खांदे, कोपर, नितंब आणि गुडघे यांवर मारही बसतो आणि घर्षणही होते. छाती आणि पोटाचा भाग तुलनेने सुटतो. मग कापडाचे तुकडे धावत्या खरखरीत पट्ट्यावर टाकून त्यांना भोक पडायला किती सेकंद लागतात ते मोजले गेले. साधी जीन्स सेकंदभराच्या आसपासच फाटते. जाड चामडे कित्येक सेकंद टिकते. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारा माणूस सेकंदाला सुमारे १४ मीटर पुढे जातो. गाडीवरून पडल्यावर डांबरावर घसरत थांबायला त्याला दोन-तीन सेकंद सहज लागतात. कातडी जाणार की कापड, हे त्या दोन-तीन सेकंदांत ठरते.

पॅडची परीक्षाही हेल्मेटसारखीच आहे. कोपर-खांद्याच्या पॅडवर सुमारे पाच किलोचे वजन एक मीटर उंचीवरून पडावे तेवढा आघात करतात आणि खाली किती जोर पोहोचला ते मोजतात. युरोपच्या ईएन १६२१ या मानकानुसार पहिल्या पातळीच्या पॅडमधून सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत जोर चालतो, दुसऱ्या पातळीच्या पॅडमधून २० पर्यंतच. पाठीच्या पॅडसाठी हीच मर्यादा १८ आणि ९ आहे. एक किलोन्यूटन म्हणजे साधारण शंभर किलो वजनाचा भार. म्हणजे इथे आकडा जितका लहान तितके पॅड चांगले.

कपड्यासाठी वेगळे मानक आहे, ईएन १७०९२. त्यात जॅकेटला एएए, एए, ए, बी आणि सी अशा श्रेणी मिळतात. एएए सर्वांत मजबूत. बी श्रेणीत घर्षणापासून संरक्षण असते, पण पॅड नसतात. सी श्रेणीचा कपडा म्हणजे पॅड जागेवर धरून ठेवणारी जाळी, तिने घर्षण थांबत नाही. इथेच गिऱ्हाईक फसते. जॅकेटवर सीई ही खूण दिसली की सगळे जॅकेट तपासलेले आहे असे वाटते. पुष्कळदा ती खूण फक्त आतल्या पॅडची असते, कापडाची आणि शिवणीची तपासणी झालेलीच नसते.

केर्न्स यांच्या मायदेशातच या प्रश्नाचे उत्तर पुन्हा माणसे मोजून शोधले गेले. ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या परिसरात अपघातात सापडलेल्या २१२ मोटारसायकलस्वारांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. जॅकेट, पँट आणि हातमोजे घातलेल्यांना रुग्णालयात दाखल करण्याची वेळ कमी वेळा आली. पॅड बसवलेले असतील तिथे त्या भागाला इजाही कमी झाली. पण याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. अपघातात ताण पडल्यावर सुमारे ३० टक्के जॅकेट फाटली किंवा उसवली. मोटारसायकलसाठी म्हणून विकलेली ही जॅकेट होती. त्यानंतर २०१८ मध्ये ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडने मोटोकॅप ही योजना सुरू केली. बाजारातली जॅकेट विकत आणून ती प्रयोगशाळेत फाडून पाहतात आणि दोन वेगळे गुण देतात. एक संरक्षणाचा, दुसरा उकाड्यात शरीर किती थंड राहते याचा. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जाणाऱ्या खान्देशात हा दुसरा गुण पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे, कारण घामाने जीव नकोसा करणारे जॅकेट शेवटी घरी खुंटीवरच राहते.

भारतात जॅकेटची सक्ती नाही, त्यामुळे तपासणीचे काम ग्राहकाच्याच अंगावर पडते. आतल्या लेबलवर ईएन १७०९२ आणि श्रेणी लिहिलेली आहे का, हे आधी पाहावे. पॅड काढून त्यावर ईएन १६२१ आणि पातळीचा आकडा आहे का, ते पाहावे. पाठीत बहुधा साधा पातळ फोम घातलेला असतो, तो जागा भरण्यापुरता असतो. तिथे खरा पॅड वेगळा घ्यावा लागतो. जॅकेट घालून हात पुढे करून बसावे आणि बाही ओढून पाहावी. कोपराचा पॅड कोपरावरून सरकला तर तो पडताना तिथे नसेल, म्हणून माप अंगाला बसणारे हवे. खांद्याच्या आणि कोपराच्या शिवणीला एकच टाका असेल तर ते जॅकेट बाजूला ठेवावे. उन्हाळ्यासाठी जाळीचे घ्यायचे असेल तर जाळी छातीला आणि पाठीला असावी, खांदा आणि कोपर जाड कापडाचे असावेत. आणि जॅकेट एकदा रस्त्यावर घासले गेले, की त्याचे काम झाले असे समजावे.

जॅकेट काय करू शकत नाही, तेही माहीत असावे. ट्रकवर किंवा खांबावर समोरून आदळलेल्या माणसाच्या पोटातल्या इजा ते थांबवू शकत नाही. हात पिरगळून मोडला तर तेही नाही. कातडी सोलून निघणे, कोपराचा आणि खांद्याचा चुरा होणे, जखमेत डांबर आणि माती जाऊन आठवडेच्या आठवडे मलमपट्टी करावी लागणे, हे मात्र ते टाळू शकते. आणि ते हेल्मेटची जागा कधीच घेऊ शकत नाही. खिशात पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर आधी आयएसआय खुणेचे हेल्मेट, आणि हनुवटीखालचा पट्टा बांधलेला. पोर्ट पिरीच्या त्या सर्जनने हिशेबाची सुरुवात तिथूनच केली होती. साक्रीहून कोंडाईबारीच्या दिशेने किक मारणाऱ्यालाही ती तिथूनच करावी लागेल.